मी पुसलेले लाल डाग

सातवीत शाळा सोडलेल्या माणसाने थाप मारताना तरी बेताने मारावी. नगरच्या गॅरेजात लागताना मी मालकांना सांगून बसलो, "मुंबईला आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांवर काम केलंय." खोटं नव्हतं, त्या गाड्या मी धुतल्या होत्या. माझं घर चांद्याकडे, दोन दिवसांच्या वाटेवर. मालकांनी झोपायला खोली दिली आणि मालकीणबाई दोन्ही वेळा स्वतःच्या चुलीवरची भाकरी वाढत. ही भाकरी थापेवर मिळतेय, या विचाराने प्रत्येक घास मला मोठा वाटे.

आणि दुष्काळाच्या साली तशी गाडी खरोखरच आली. मिशनच्या दवाखान्यातली, लांबलचक, जुनी अमेरिकन. तिथले गोरे डॉक्टर मायदेशी परतताना मागे ठेवून गेलेली. दवाखान्यातल्या सिस्टरबाई ती स्वतः चालवत, पारनेरकडे दुष्काळी मजूर खडी फोडत, त्या कामांवर औषधं नेत.

"इंजिन नुसतं ओरडतंय," त्या म्हणाल्या. "गाडी हलत नाही. चढाला तर उलटी मागे येते."

"बाई, काळजी सोडा. आपला मुंबईचा गडी हाय ना!" मालक म्हणाले. मी तोवर बॉनेट उघडून आत डोकं घातलं.

गिअरबॉक्सच्या तेलाची दांडी मी शोधून काढली, हेच मोठं. इंजिनाचं तेल पाहतात तशीच पाहिली: गाडी बंद, सगळं थंडगार. तेल खुणेच्याही वर. ते लालसर दिसलं, तोही मला अमेरिकन थाट वाटला. मग डोळे मिटून, स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बॉक्सचा आवाज ऐकला. काही कळलं नाही, पण बघणाऱ्यांवर छाप पडली. तिसऱ्या दिवशी निदान जाहीर केलं, "बॉक्स गेला. खोलावा लागेल."

"खोल," मालक म्हणाले. "पन परत जुळला न्हाई, तर कामावरच्या बायाबापड्यांकडं औषध कोन नेनार, ते बी सांग."

मी पाना घेऊन गाडीखाली शिरलो. पहिल्या बोल्टला हात घातला, तेवढ्यात सिस्टरबाईंच्या चपला दिसल्या.

"तेल पाहिलंस का, बाबा?"

"पाहिलं, बाई. भरपूर आहे."

"इंजिन चालू ठेवून?"

मी पाना ठेवून गाडीखालून बाहेर आलो.

"डॉक्टर गाडी तापल्यावर, इंजिन चालू ठेवूनच बघायचे. बंद केलं की वरचं तेल खाली उतरतं, दांडी खोटं सांगते म्हणायचे."

इंजिन चालू केलं, तापू दिलं. दांडी ओढली तर कोरडी. टोकाला जेमतेम थेंब.

"मग तेल गेलं कुठं?" मालकांनी विचारलं.

आता लपवून उपयोग नव्हता. "मालक, रोज सकाळी गाडीखाली लाल डाग असायचे. मी रॉकेलने पुसत होतो."

"का रं?"

"मला वाटलं, तुमचं पान."

"लेका, माझ्याच गॅरेजात मी थुकीन व्हय?" सिस्टरबाईंनी तोंडाला पदर लावला.

त्या हशातच मी उरलेलंही सांगून टाकलं: मुंबई, बादली, फडकं, सगळं. "मालक, मी पिशवी भरतो," म्हणालो.

"पिशवी ऱ्हाऊ दे. आदी गळती बघ."

तेलाच्या नळीचा एक सांधा ढिला झाला होता. आवळायला पाच मिनिटं लागली. डॉक्टरांनी ठेवलेले तेलाचे डबे बाईंनी दवाखान्याच्या कोठीतून आणले, आणि इंजिन चालू ठेवून मी थेंब मोजावेत तसं तेल ओतलं.

"आता डबे गाडीत टाक, आन बाईंसंगं पारनेरला जा," मालक म्हणाले. "वाटंत चढ आला की थांबून दांडी बघायची. आन माहीत नसंल ते इचारायचं. इचारलं म्हनून भाकरी कमी व्हत न्हाई."

पहिल्या चढाला मी डोळे घट्ट मिटून, दोन्ही हातांनी डबा धरून बसलो होतो.

"उघड डोळे," सिस्टरबाई म्हणाल्या. "वर आलो आपण."