फळ्यावर सगळ्यात वर आमचं घर

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण झालं ते मीच लिहिलेलं बरं, गावात लोक निराळंच सांगतात.

आमच्या सांडोरला चर्चच्या तरुण मंडळींनी घरोघर फॉर्म भरायला काढले. कुठलं घर किती कार्बन हवेत सोडतं ते मोजायचं, फळ्यावर लावायचं, म्हणजे लोक सुधारतील. आमच्याकडे त्यांच्याबरोबर कॉलेजात शिकणारी, विरारच्या बिल्डिंगीत राहणारी पोरगी आली. मी ओटीवर उघडाच, राजेळी केळ्यांचा घड साफ करत होतो. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग घराच्या कौलांकडे. ते बघणं मला खटकलं.

"आजोबा, मांस-मच्छी आठवड्यातून किती वेळा?"

आता परक्या माणसाने दारात येऊन जेवणाचं विचारलं, तर काल पेज आणि सुकट होती असं कोण सांगेल? आई म्हणायची, घरात कण्या शिजत असल्या तरी बाहेर भात सांगावा. मी म्हणालो, "रोज. दोन्ही वेळ. रविवारी डुकराचं इंद्याल."

"एसी आहे?"

"आहे की. चालूच असतो."

एसी आहे, खोटं नाही. मुलगा दुबईहून येऊन बसवून गेला. धूळ नको म्हणून बायकोने त्याला पिशवी घातली आहे. गाडी विचारली, मी मोठी सांगितली. तीही मुलाचीच, शेडमध्ये उभी, तिच्यावर कोंबड्या बसतात. विमानाचं विचारलं तर म्हणालो, जाणं-येणं असतंच. जन्मात एकदा गेलो.

पोरगी गेल्यावर बायको बाहेर आली. "काय हो, रोज मटण कुठल्या घरी जेवता? एकदा मलाही न्या."

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली आणि तिथल्या हॉलच्या फळ्याशी गर्दी दिसली. आमच्या घराचं नाव सगळ्यात वर. मला वाटलं, पहिला नंबर. छाती काढून पुढे गेलो, तर शेजारी म्हणाला, "वा रे वा! अख्ख्या गावात जास्त धूर तुझा!"

माझं डोकंच फिरलं. जन्मभर मी केळी सायकलीवर घालून बाजारात नेली. वाडीतला पालापाचोळा कधी जाळला नाही, माडाच्या आळ्यात घातला. आणि हा शेजारी, दारात दोन मोटारसायकली, कोपऱ्यावर पाव आणायलाही किक मारतो, तो माझ्याखाली पंधरा घरं!

पोरगी तिथेच होती. तिला बाजूला घेऊन हळूच म्हणालो, "बाय, ते खोड. चुकलंय."

"काय चुकलं, आजोबा?" ती मोठ्याने म्हणाली. हल्लीच्या पोरांना हळू बोलताच येत नाही. सगळे वळले.

एसी बंद असतो, सांगितलं. गाडी मला चालवता येत नाही, तेही सांगितलं.

"मग रोज जेवता काय?"

"भात. वालाची भाजी. कोळीण आली तर मच्छी."

"आणि इंद्याल?" शेजाऱ्याने मागून विचारलं.

"नाताळला."

"तेही आमच्या घरून आलेलं!" तो म्हणाला आणि सगळा हॉल हसला.

मी चिडून पोरीला विचारलं, "माड कुठे लिहिलेस? केळी? विहीर?"

"त्याला रकाना नाही, आजोबा."

"मग ह्या कागदावर आमचं लिहिलंस काय? खोटं तेवढंच?"

तिने फॉर्म काढून परत हिशेब केला. पेनाने माझा आकडा खोडून बाजूला बारीक दुसरा लिहिला. तो सगळ्या गावात कमी निघाला. पण नाव राहिलं वरच, आणि त्यापुढे ही खाडाखोड. आता लोक म्हणतात, म्हाताऱ्याने पहिला नंबर मागून घेतला. नवीन कागद लाव म्हणून पोरीला दोनदा सांगून आलो. म्हणते, पुढच्या वर्षी परत फॉर्म भरू, तेव्हा.

बायको म्हणते, "पुढच्या वर्षी ती आली की तुम्ही विहिरीवर जा. मी बोलते."

मी का जाऊ? घर माझं, मीच बोलणार. फक्त पेज सांगायची की भात, ते अजून ठरत नाही.