मामींच्या पांढऱ्या फरशा

सिहोऱ्याच्या बसथांब्यासमोर मामींचे नाश्त्याचे हॉटेल आहे. तिथे गेलेल्या माणसाला मामी "काय देऊ?" असे कधीच विचारत नसत. कढईवरून नजर उचलून त्या म्हणत, "गाव कोणतं?" उत्तर आले की मगच झारा हलायचा. चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत पाळी करून परतणाऱ्याच्या आलूबोंड्यावर एवढी झणझणीत रश्श्याची तर्री पडे, की बोंडा दिसेनासा व्हावा. लग्नाला निघालेल्या पाहुण्यांना मात्र कोरडा बोंडा आणि तळलेली मिरची. "कपडे खराब होतीन तं नाव माह्यं घेतीन," असे त्यांचे म्हणणे.

ईशान, अन्वी, तुम्हाला त्या आठवत असतील. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा त्यांनी तुम्हालाही गाव विचारले होते आणि अन्वीने अगदी स्पष्ट "टोरांटो" सांगितले होते. मामींनी क्षणभर विचार केला. "थे कोण्या बाजूले आलं जी?" त्यांनी मला विचारले. खूप लांब आहे, वर्षातले कितीतरी महिने बर्फ असतो, असे मी सांगितले. "अगा बाई! मंग तर्री पायजेच लेकरांले." ईशानच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि तशाच डोळ्यांनी त्याने दुसरा बोंडा मागितला. परवा फोनवर तुम्ही विचारलेत, ते हॉटेल अजून आहे का? आहे. पण तुम्हाला ओळखू येणार नाही, म्हणून हे सगळे नीट क्रमाने लिहिते आहे.

मी शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हापासून मामी मला ओळखतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी चमचा मागितला. सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, बोंडा हाय, औषध नाई! हातानं खा." तेव्हापासून मी हाताने खाते. तरी मी आलेली दिसली की त्या "चम्मच आणा रे बाईले!" असे ओरडायच्या आणि स्वतःच हसायच्या.

त्यांची एक गोष्ट मात्र पक्की होती. कढई अगदी पुढे, रस्त्याला लागून, आणि मामींचे तोंड रस्त्याकडे. मागून कोणी हाक मारली तरी त्या मान वळवत नसत, तोंडानेच उत्तर देत. "रस्त्यानं कोण येऊन राहिला, कोण उपाशी जाऊन राहिला, थे दिसलं पायजे मले," असे म्हणायच्या. त्यांना बसून खाताना मात्र मी कधी पाहिले नव्हते. चहासुद्धा त्या उभ्यानेच प्यायच्या, एक डोळा बसवर ठेवून.

मग तुमसरला काचेच्या भिंतींची, बर्गर विकणारी दुकाने आली. गावातली कॉलेजची मुले बस पकडून तिकडे जाऊ लागली. मामींची सून वैशाली लग्नाआधी नागपूरच्या एका मोठ्या रेस्टॉरंटात काउंटर सांभाळायची. तिने ठरवले, आपलेही हॉटेल नवे करायचे. मामी विरोध करतील असे सगळ्यांना वाटले होते. तसे काही झाले नाही. छपराचे पत्रे उतरवायच्या दिवशी सर्वांत आधी पदर खोचून त्याच उभ्या राहिल्या. "मले बी थंड्या हवेत बसाचं हाय," म्हणाल्या. फरशा निवडायला त्या स्वतः तुमसरला गेल्या. दुकानदाराने भुरकट फरशी दाखवली, ती यांनी बाजूला सारली आणि पांढरीशुभ्र निवडली. परत आल्यावर मला सांगितले, "दुधासारखी हाय. लोक पाहतच राहतीन."

लोक खरोखर पाहतच राहिले. काम लांबले आणि उद्घाटन नेमके रोवणीच्या दिवसांत आले. धानाच्या लावणीला आपल्याकडे रोवणी म्हणतात, हे तुमच्या बाबाला विचारा, त्याला आठवत असेल. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर पदार्थांचे फोटो दाखवणारा पडदा, टोकन देणारे यंत्र, आणि स्वयंपाकघर मागे, भिंतीआड. पहिल्या सकाळी जो जो आला त्याने त्याने दारात चपला काढल्या. बाहेर चपलांची ही रांग! बसमधून उतरलेल्या एका म्हाताऱ्याने गंभीर चेहऱ्याने मला विचारले, "बाई, कोण गेलं जी?" कोणी गेले नाही, हॉटेल नवे झाले, असे सांगितल्यावर त्यानेही चपला काढल्या.

हे हसण्यासारखे होते. पुढचे नव्हते. रोवणीच्या बाया दुपारच्या सुटीत रोज मामींकडे यायच्या. जुन्या हॉटेलात मातीची जमीन होती, चिखलाच्या पायांनी त्या सरळ बाकावर येऊन बसायच्या. आता त्या काचेपर्यंत आल्या. आत पाहिले, मग आपल्या पायांकडे पाहिले. त्यांच्यातली सायत्रा दार जरासे लोटून म्हणाली, "मामी, मागून येतो वो." आणि सगळ्या समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या दारापर्यंतही आल्या नाहीत. घरून बांधून आणलेली भाकर झाडाखाली सोडली.

वैशाली म्हणाली, "येतील, आई. सवय व्हायला वेळ लागतो."

भिंतीआड कढईपाशी मामींना रस्ता दिसत नव्हता, म्हणून त्या दर थोड्या वेळाने झारा हातात घेऊन बाहेर येत, कडुलिंबाकडे पाहत आणि परत आत जात. संध्याकाळी मला एवढेच म्हणाल्या, "मास्तरीणबाई, म्या माह्याच मानसांले बाहेर ठेवलं."

तिसऱ्या दुपारी मी आत बसले होते. मामी स्वयंपाकघरातून आल्या, झारा वैशालीच्या हातात दिला आणि दार उघडून बाहेर पडल्या. रस्ता ओलांडून, कडुलिंबाच्या पलीकडच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरल्या. साडी वर धरून पोटऱ्यांपर्यंत चिखलात गेल्या. बाया ओरडल्या, "मामी, काय करून राहिल्या वो?" मामी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढल्या, रस्ता ओलांडला, काचेचे दार ढकलले आणि त्या दुधासारख्या फरशीवरून थेट शेवटच्या टेबलापर्यंत चालत गेल्या. मग मागे वळून दाराकडे तोंड केले.

"झाली न खराब? आता कायची लाज? या!"

सायत्राने तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरले नाही. "मामी, सून हाकलून देईन तुमाले!"

"हाकलू दे. तुमच्या झाडाखाली येईन. पहिले आत तं या, बोंडे थंडे होऊन राहिले!"

त्या आल्या. आधी एक, टाचा उचलून, मग सगळ्याच. वैशाली एका हातात झारा आणि दुसऱ्या हातात पोछा घेऊन उभी होती. ती रडेल की रागावेल ते मला कळेना. तिने फरशीकडे पाहिले, सासूच्या पायांकडे पाहिले. मग पोछा कोपऱ्यात ठेवला, झारा खाली ठेवला आणि बादलीभर पाणी आणून दारात ठेवले. "जिला पाय धुवायचे तिने धुवावेत," ती म्हणाली, "नाही धुतले तरी बसा." मग मामींकडे वळली. "आई, तुम्ही मात्र धुवा. कढईजवळ चिखल चालणार नाही मला."

"हे बरं हाय," मामी म्हणाल्या, "मालकीण मी, अन् पाय मीच धुवाचे." आणि निमूटपणे बादलीपाशी गेल्या.

पुढच्या आठवड्यात गवंडी परत आला. दाराबाहेर नळ आणि बसायला दगडी ओटा झाला. दारापासून आतपर्यंत फरशांचा एक पट्टा उखडून तिथे खरबरीत काळा दगड बसवला. ती सूचना वैशालीची होती, मामींची नव्हे. तिने भिंतही फोडायला लावली आणि कढई पुन्हा पुढे आणली. टोकनचे यंत्र राहिले, पडदा राहिला, थंड हवाही राहिली. कॉलेजची मुले आता तुमसरच्या बसची वाट पाहत इथेच बसतात, रोवणीच्या बायांच्या शेजारी.

यंदा वैशालीने तुमसरलाच दुसरे हॉटेल काढले. मामींचे गुडघे आता उभे राहू देत नाहीत, म्हणून त्याही तिकडे राहायला गेल्या. सिहोऱ्याची कढई मामींचा मुलगा सांभाळतो. तुमसरच्या हॉटेलचा नकाशा काढताना इंजिनियर म्हणाला होता, "मॅडम, इथे गाडीवाले येणार, पाय कोण धुणार? नळ काढून टाकू." वैशालीने सांगितले, "नळ आधी लावा. पाटी मागून."

उद्घाटनाला मी गेले होते. मामी दाराजवळ खुर्चीत बसल्या होत्या, अर्थातच रस्त्याकडे तोंड करून. मला पाहून त्यांनी चमचा मागवला. तेवढ्यात बाजारात भाजी विकून आलेल्या दोन बायांनी नळावर पाय धुतले आणि त्या आत आल्या. यंत्रापुढे त्या थबकल्या. काउंटरमागून वैशालीचा आवाज आला, "या मावशी. गाव कोणतं?"

मामींनी ते ऐकले. मग माझ्याकडून खुर्ची फिरवून घेतली, रस्त्याकडे पाठ केली, आणि बसून, सावकाश, एक पूर्ण बोंडा खाल्ला.