वाटणीतलं हेलिकॉप्टर

आमच्या वाटणीत जमीन होती, विहीर होती, दोन म्हशी होत्या आणि एक हेलिकॉप्टर होतं. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग खरंखुरं होतं का म्हणून विचारतात. खरंखुरं कुठलं, रिमोटवरचं. पण त्याला खेळणं म्हटलेलं मला आजही खपत नाही. पात्यांचा घेर लग्नातल्या परातीएवढा, आणि ती फिरत असताना कुणाचं बोट मध्ये आलं तर बोट गेलंच म्हणून समजायचं. हे हेलिकॉप्टर दादाच्या वाट्याला गेलं. मीच जाऊ दिलं, आणि मोठ्या मनानं जाऊ दिलं अशी माझी समजूत होती. त्या समजुतीपायी माझा भाऊ माझ्यापासून तुटला, हे कळायला मला फार उशीर लागला.

दादा माझ्याहून मोठा. तो गावी शेती बघायचा, मी दौंडला रेल्वेच्या ऑफिसात कागद इकडचे तिकडे करायचो. आमचं गाव शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याच्या अंगाला. भीमेवरचा पूल ओलांडला की मोटरसायकलवर फार लांब नाही. हेलिकॉप्टर मी पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनं घेतलं होतं. घरात एक तर हे राहील नाही तर मी, असं त्याच्या बायकोनं सांगितलं होतं म्हणे, आणि त्यानं बराच विचार करून हेलिकॉप्टर विकलं. मी ते पहिल्याच दिवशी जमिनीवर आपटलं. तुकडे पोत्यात भरून रविवारी गावी नेले. निदान हसायला तरी कुणी सोबत मिळेल असं वाटलं होतं.

दादा हसला नाही. त्यानं पोतं ओट्यावर ओतलं आणि वहिनी जेवायला हाक मारून दमल्या तरी तो तिथून उठला नाही. त्याचे हात कायम कुठल्या ना कुठल्या यंत्रात असायचे. पंपाचा स्टार्टर, कडबाकुट्टीचं मशीन, शेजाऱ्यांचा मिक्सर. पण ही वस्तू त्याला नवी होती. पात्यांखाली एक चकती असते, ती कलली की फिरणाऱ्या पात्यांचा कोन बदलतो आणि हेलिकॉप्टर त्या बाजूला जातं. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा ती चकती बोटानं नुसती कलवून बघत तो कितीतरी वेळ बसून राहिला. पुढच्या रविवारी मी गेलो तर सगळं जोडून तयार होतं.

तेव्हापासून जुळवायचं त्यानं आणि उडवायचं मी, असं न बोलता ठरून गेलं. त्यानंही उडवून पाहिलं होतं. पण हेलिकॉप्टरचं तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि तिथं त्याचे अंगठे गोंधळायचे. बाभळीत घातल्यावर त्यानं रिमोट माझ्या हातात दिला तो कायमचा. माझं म्हणाल तर मला हातात दिलेला स्क्रू सांभाळता येत नाही. दोघं मिळून आम्ही एक धड माणूस होत होतो.

आमच्या माळावर पत्र्याचं शेड होतं. तिथं दादानं एक टेबल मांडलं होतं आणि रविवार तिथंच जायचा. पहिलं काम ट्रॅकिंगचं. दोन्ही पाती एकाच पातळीत फिरायला हवीत, नाही तर सगळं अंग थरथरतं. दादा एका पात्याच्या टोकाला लाल चिकटपट्टी लावायचा. मी लांबून पाती फिरवत ठेवायचो आणि तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीआड उकिडवा बसून, फळीवरून फक्त डोळे काढून बघायचा. लाल रेघ वर दिसली की मशीन बंद करायचं, त्या पात्याचा कोन ठरवणारी दांडी अर्धा फेरा आखूड करायची, की पुन्हा चालू. मोटारीचं दातेरी चाक आणि मोठं चाक यांच्यात फट किती ठेवायची, त्यासाठी वर्तमानपत्राची पट्टी दोन्हींच्या दातांतून फिरवायची. कागदाला चुण्या पडल्या पाहिजेत पण तो फाटता कामा नये. शेपूट स्थिर ठेवायला जायरो असतो. तो फार तिखट ठेवला तर शेपूट वळवळतं आणि फार सौम्य ठेवला तर वाऱ्यासरशी कुठंही फिरतं.

या सगळ्याची बरोबर जागा मध्येच कुठंतरी असायची, आणि ती दादाला एकट्याला सापडायची नाही. हवेत गेल्यावर ते काय करतंय हे फक्त माझ्या अंगठ्यांना कळायचं. मी ते कमरेएवढ्या उंचीवर धरून ठेवायचो आणि डावीकडे ओढतंय, आता थोडं कमी ओढतंय, असं सांगत राहायचो. तो हूं की चूं करायचा नाही. उतरवलं की यायचा आणि बरोबर तीच दांडी फिरवायचा. एरवी आम्ही भाऊ एकमेकांशी फारसं बोलत नसू. दोघांच्या मनातलं बोलायला ती एक जागा होती, आणि तिथंही आम्ही दांड्या आणि दात्यांबद्दलच बोलायचो.

पडल्याशिवाय अपग्रेड व्हायचं नाही. वरचा प्लॅस्टिकचा भाग मोडला म्हणून अॅल्युमिनियमचा आला. लाकडी पाती फुटली म्हणून कार्बनची आली. गावाला कुरिअरवाला यायचा नाही, म्हणून पार्सलं माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर यायची आणि साहेबांना मी ती बायकोची औषधं आहेत म्हणून सांगायचो. साहेब बिचारे दर महिन्याला तिच्या तब्येतीची चौकशी करायचे. एकाच सुधारणेला दादा कायम आडवा आला. जुन्या पद्धतीच्या हेलिकॉप्टरला पात्यांच्या वर एक आडवी काडी असते, टोकांना दोन छोटे पंखे असलेली. तिच्यामुळं ते तोल धरतं. नव्या पद्धतीत ती काडीच काढून टाकतात आणि तोल सांभाळायचं काम काडेपेटीएवढी एक डबी करते. मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवून दाखवून थकलो. डबीच सगळं करणार असंल तर आपुन दोघं कशाला पायजे, असं तो म्हणायचा. मी त्याला जुनाट म्हणून चिडवायचो. त्याला चिडवायची संधी क्वचितच मिळायची, त्यामुळं मिळाली की मी सोडत नसे.

मग वडील गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर मामा म्हणाले, गोडीगुलाबीत आहात तोवर वाटणी उरकून घ्या. आमच्यात भांडण कसलंच नव्हतं. आमच्याकडे रीत अशी की थोरल्यानं दोन वाटे घालायचे आणि आधी उचलायचा मान धाकट्याचा. त्यामुळं वाटे घालताना थोरला हात राखत नाही. वाटे घातले की कुणी कुणाला विचारायचं नाही, सुचवायचं तर नाहीच. धाकट्यानं चारचौघांत बोट ठेवायचं आणि मामांनी हो म्हणायचं, झाली वाटणी.

दादानं वाटे घातले. एकात नदीकाठची काळी जमीन, उभ्या उसासकट, आणि विहिरीची पाळी. दुसऱ्यात माळ. माळ मुरमाड, पण डांबरी रस्त्याला लागून असल्यामुळं किमतीला नदीकाठाच्या बरोबरीचा. म्हशी एकेक. सगळं सांगून झाल्यावर तो जरा थांबला. मग म्हणाला, "आन् शेड माळासंगट. त्यातलं हेलिकॉप्टर बी."

तो जरा थांबला त्याचा अर्थ मी माझ्या अकलेनं लावला. शेड त्याच्या हातचं, टेबल त्याचं, पान्यापासून पकडीपर्यंत सगळं त्याचं. त्याला हाच वाटा हवा आहे आणि रीतीमुळं तोंडानं मागता येत नाही, म्हणून तो हेलिकॉप्टर त्यात घालून मला खूण करतोय, असं मी धरून चाललो. नोकरदार भावानं रस्त्यालगतचा माळ उचलायचा, प्लॉट पाडायचे आणि दादाला त्याच्या टेबलावरून उठवायचं, हे मला शोभलं नसतं. शेती करणाऱ्या माणसाला काळी जमीन सोडून मुरूम कशाला हवा असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला, पण त्याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. नदीकाठ माझ्या नावावर आला म्हणून काय झालं, मी दौंडला, कसणार दादाच. म्हणजे दोन्ही त्यालाच. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि नदीकाठावर बोट ठेवलं.

दादा "बरं" म्हणाला आणि म्हशीला वैरण टाकायला उठून गेला.

पुढच्या हंगामात मी त्याला नदीकाठ वाट्यानं करायला सांगितलं. तुझी जमीन तू बघ, म्हणाला. मला ते लागलं. शेवटी ती जमीन एका भावबंदाकडे दिली. माळावर दादानं बोअर घेतलं, पण पाणी जेमतेम लागलं. जन्मभर स्वतःच्या रानात राबलेला माणूस रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागला, कंत्राटी. पहाटे रस्त्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा असायचा, असं गावातल्यांकडून कळायचं. मी रविवारी जात होतो तोवर तो काहीतरी सांगायचा. बॅटऱ्या चार्ज नाहीत, किंवा खोलून ठेवलंय, सुटा भाग यायचाय. मला वाटलं, आता स्वतःची वस्तू झाली तर हात आखडला. हवा तो वाटा मिळाला तरी याचं तोंड वाकडंच, असं मी बायकोजवळ बोलूनही दाखवलं. मग मी जायचं कमी केलं. मग बंदच केलं. लग्नाकार्यात भेट झाली की पाऊसपाण्याचं बोलायचो आणि वेगवेगळ्या पंगतीला बसायचो.

गेल्या हिवाळ्यात मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो. दादानं माळावरच दोन खोल्या बांधल्यात. तो मागं शेडात होता. वहिनींनी चहा टाकला आणि लेकीचं सासर कुठलं, पाहुणे कसे, असं विचारत राहिल्या. दौंडातच घर मिळालं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, बरं झालं, जवळ राहील. मग गॅस बारीक करून माझ्याकडे न बघता बोलल्या.

"भाऊजी, तुमी माळ घ्याल म्हनून बसले हुते हे. हितं घर बांधील, रयवारी आमी दोघं आसू, म्हनायचे. म्हनून तर शेड आन् ते इमान माळात घातलं. तुमी नदीकाठ उचलला, त्या दिसापासनं हे हसलं न्हाईत बगा."

त्यात राग नव्हता. इतक्या वर्षांनी कुणाला तरी सांगून टाकल्यासारखं होतं. मी चहा तसाच ठेवला. दोन्ही वाटे माझ्या डोळ्यांपुढं उभे राहिले आणि ते इतके सरळ दिसत होते की मला स्वतःची किळस आली. नदीकाठ त्याचा, माळ माझा, आणि दोघांचं म्हणून त्यानं माझ्या वाट्यात काय घातलं होतं तेही स्पष्ट होतं. कुणीही ओळखलं असतं. मीच तेवढा हुशार निघालो.

मागं गेलो तर दादा हेलिकॉप्टर मोकळ्यावर मांडत होता. वरची काडी नव्हती. पोटात ती डबी बसवलेली होती, आणि शेपटीवर रुपयाएवढी आणखी एक गोल चकती, उपग्रहाचा सिग्नल पकडणारी. पाहुण्याला दाखवावं तसं त्यानं मला सगळं दाखवलं. कंपनीतल्या एका पोरानं कॉम्प्युटरवर सेटिंग करून दिलं म्हणाला. मग रिमोट हातात घेतला आणि हेलिकॉप्टर वर उठलं, डोक्याच्या वर गेलं. तिथं त्यानं दोन्ही अंगठे काढून घेतले. माळावर वारा होता, तरी ते जागचं हललं नाही. हेलिकॉप्टरचं तोंड आमच्याकडेच होतं.

"आता कुणी लागत न्हाई ह्याला," तो म्हणाला. टोमणा नव्हता. त्याला ते खरंच आवडलं होतं.

मी बोलायला लागलो. एवढं सलग मी त्याच्याशी जन्मात बोललो नसेन. शेड तुझं म्हणून सोडलं, म्हणालो. नदीकाठ तूच करशील असं धरून चाललो होतो. अजून काही बिघडलेलं नाही, बदलून घेऊ, उद्याच्या उद्या शिरूरला जाऊन कागद करू. तो वर बघत ऐकत होता. मध्ये एकदाच म्हणाला की गुडघे गेलेत, आता काळ्या रानात उभं राहवत नाही. मी तरीही बोलत राहिलो, जमिनीबद्दल, उसाबद्दल, मामांना काय सांगायचं त्याबद्दल.

"जमिनीचं काय घेऊन बसलास," तो म्हणाला. "मागितली आसतीस तर दोन्ही दिल्या आसत्या. तू हे सोडलंस, तवा मला वाटलं, तुला माझ्यासंगट उडवायचंच न्हाई आता."

रिमोट टूं टूं वाजायला लागला, बॅटरी संपत आली होती. मी हात पुढं केला आणि मी उतरवतो म्हणालो. तोवर त्यानं बटण दाबलं होतं, आणि हेलिकॉप्टर आपलं आपण खाली येत होतं.