सुपरवायझर आणि जॅमची बरणी

ताईचा नवरा लेबलं छापायच्या कारखान्यात सुपरवायझर होता. निवृत्त झाला, सत्काराचा हार वाळून गेला, तरी सुपरवायझरपण काही उतरलं नाही. हाताखाली आता ताईशिवाय कोणी नव्हतं, म्हणून तो सकाळी चहा झाला की स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायचा आणि तिच्या कामावर देखरेख करायचा.

ताईला रिकाम्या बरण्या टाकवत नसत. जॅमची, कॉफीची, मधाची बरणी संपली की ती साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायची. कागद फुगून सुटला की सोलून काढायचा. मागे जो चिकट थर उरतो, त्यावर तेलात कालवलेला खाण्याचा सोडा चोळायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग फडक्याने गोल गोल पुसून बरणी धुवायची. काच अशी निघायची की आतली साखर हवेत उभी असल्यासारखी दिसावी. फळीवर अशा बरण्यांची रांग होती आणि त्या रांगेकडे बघितलं की ताईचा जीव थंडावायचा.

सुपरवायझरला हे बघवत नसे. "अगं, आमचा डिंक आहे तो. असा निघत नसतो," तो म्हणायचा. डिंक त्याच्या डोळ्यांदेखत निघालेला असायचा, तरी म्हणायचा. जन्मभर दुसऱ्यांनी बनवलेल्या डिंकाचे डबे मोजले, आणि आव असा की डिंक यानेच शोधून काढला. ताई तोंडाने "अहो, पाय घ्या जरा" एवढंच म्हणायची. मनातल्या मनात त्याला ती अरे-तुरेच करायची, आणि तेही फार झालं असं तिला वाटायचं.

एकदा ती बाहेर गेली असताना त्याने सुधारणा करायची म्हणून एका बरणीचं लेबल पात्याने खरवडलं आणि वर रॉकेल ओतलं. काचेवर ओरखडे उठले, आणि त्या बरणीतल्या चहापत्तीला पुढे पंधरवडाभर कंदिलाचा वास येत होता. "पत्तीच हलकी आहे," त्याने ठरवून टाकलं. ताईने पत्ती टाकली, बरणी टाकली, आणि जमलं असतं तर आणखीही एक वस्तू टाकली असती.

एका रविवारी तिची धाकटी बहीण आली. येताना मधाच्या दोन रिकाम्या बरण्या घेऊन आली होती, एक अर्धवट सोललेली. फळीकडे बघून म्हणाली, "भाऊजी, ताईचा हात बघा कसा आहे. माझ्याकडे नुसता चिकटा होतो."

सुपरवायझर स्टुलावरून उठला. "तुझी ताई कसली काढतेय? पद्धत माझी आहे. ती फक्त घासते."

ताई कणीक मळत होती. तिचे हात थांबले नाहीत. संसाराची इतकी वर्षं त्याने तिच्या भाजीचं श्रेय बाजाराला दिलं होतं, मुलीच्या मार्कांचं आपल्या घराण्याला. आता बरण्याही गेल्या. तिला राग आला नाही. राग यायला समोर माणूस लागतो.

"मग दाखवा ना तिला," ती शांतपणे म्हणाली.

तो हटला नाही. हटण्याएवढी अक्कल कधी नव्हतीच. त्याने फ्रिज उघडला, तळाशी चमचाभर जॅम उरलेली बरणी काढली, जॅम बोटाने चाटून संपवला आणि चहाचं उकळतं पाणी भांड्यासकट उचललं. "डिंकाला उष्णता द्यायची असते. आतून," तो मेहुणीला म्हणाला.

गारठलेल्या काचेत उकळतं पाणी ओतलं की काय होतं, हे ताईला ठाऊक होतं. तोंड उघडायला वेळही भरपूर होता. तिने कणकेला तेलाचा हात लावला.

तडकन आवाज झाला. बरणीचा तळ सुटून ओट्यावर आला, पाणी पसरलं, आणि पडती काच पकडायला त्याने हात घातला. तळव्याला चांगलीच चीर पडली. सुपरवायझर खाली बसला आणि लहान मुलासारखा "अगं, रक्त, अगं, रक्त" करू लागला. बहीण घाबरली. ताईने हात धुतले, जखम नळाखाली धरली, पट्टी घट्ट बांधली. त्याच्या तोंडाकडे मात्र तिने बघितलं नाही. "ताई, तू सांगायचंस ना," बहीण नंतर दारात हळूच म्हणाली.

"पद्धत त्यांची आहे," ताई म्हणाली.

त्यानंतर स्टूल बाहेरच्या खोलीत गेलं. आठवड्याभराने शेजारीण आली, हातात घट्ट चिकटलेल्या लेबलाची एक उंच बाटली. "तुमचे हे बागेत सांगत होते," ती कौतुकाने म्हणाली, "मेहुणीच्या अंगावर काच उडाली आणि यांनी हात आडवा घातला म्हणे. नशीबवान हो तुम्ही."

ताईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण त्याच्यासाठी दोन वाक्यं खर्चायची तिला इच्छा झाली नाही.

"हो ना," ती म्हणाली. मग बाटली हातात घेऊन नखाने लेबलाचा कोपरा उचलून पाहिला. "हे प्लॅस्टिकचं आहे, भिजणार नाही. गरम हवेने सुटेल. ठेवून जा, उद्या घेऊन जा."