तीन पाती दिसल्या म्हणून दुर्वा नव्हे

अंगणात फरशी घातली तेव्हा दुर्वांची जागा गेली. म्हणून जूनमध्ये जवळच्या अभनपूरहून काळ्या मातीची चार पोती आणून मी गेटजवळ नवा वाफा केला आणि हरळीचे, म्हणजे दुर्वांचेच, तुकडे खोचले. महिन्याभरात वाफा हिरवागार झाला. सासूबाईंनी खुशीत पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, पाच मराठी घरांना सांगून टाकलं, "यंदा गणपतीच्या दुर्वा आमच्याकडून."

गणपतीला दोन दिवस उरले तेव्हा मी जुड्या बांधायला बसले. पहिलाच देठ बोटांना टोचला.

"आई, या दुर्वा नाहीत."

"काहून नाहीत वं? तीन पाती दिसून नाही राहिल्या तुले?"

दिसत होत्या, आणि चूक तिथेच होती. आमच्या घरी दुर्वा ओळखतात ती ताम्हणात, खुडलेली, तीन पातींवरून. जमिनीत ती कशी वाढते हे कुणी वाकून बघत नाही. मोथा नावाच्या तणाची पानंही तीन बाजूंनी निघतात. हरळी आडवी पसरते, पेरापेराला मुळं धरते, देठ गोल. हा मोथा सरळ उभा होता, पानं बुडातून, चकचकीत, आणि देठ बोटांत फिरवला की तीन कडा लागायच्या. मी खुरपं घातलं. मुळाशी काळ्या गाठी निघाल्या, एकीला दुसरी जोडलेली. मातीबरोबर वाफ्यात आल्या होत्या आणि माझ्या हरळीला त्यांनी कधीच दाबलं होतं.

गाठ फोडून सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी वास घेतला.

"हा तर दिवाळीच्या उटण्याचा वास! उटण्यातला नागरमोथाच निघाला हा!" मग चेहरा उतरला. "पाच घरी काय सांगू आता?"

"दुर्वाच द्यायच्या. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात हरळी आहे. उद्या सकाळी सहाला निघू."

सकाळी त्या मैदानात स्टूल घेऊन आल्या. मी खुडायचं, त्यांनी प्रत्येक देठ फिरवून बघायचा. नऊपर्यंत पाच घरांसाठी एकवीस-एकवीस दुर्वांच्या पाच जुड्या तयार झाल्या. मग त्यांनी स्वतःच एकेका घरी फोन लावला.

"दुर्वा घेऊन जा. वाफ्यातल्या नाहीत, तिथं मोथा निघाला. हो, मलेच ओळखू नाही आला. तुमच्या कुंडीतलीबी एकदा बोटात फिरवून पहा."

तिसऱ्या घरची बाई फोन तसाच धरून कुंडीपाशी गेली. थोड्या वेळानं आवाज आला, "काकू, इथंबी तीनच कडा लागून राहिल्या. दोन वर्षं झाली, हेच वाहून राहिलो आम्ही."

"मग या लवकर," सासूबाई म्हणाल्या, "जुडी बांधून ठेवली आहे."