आजीच्या नावाचा रस्सा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही – आमच्या गिऱ्हाइकांना जी गोष्ट ठाऊक आहे, तीच त्यालाही खरी वाटते.

धंतोलीत आमचं छोटंसं रेस्टॉरंट आहे. फ्यूजन म्हणतात तसलं. संत्र्याचं तिरामिसू, सांबारवडीचे रोल आणि जिच्यासाठी लोक दाराबाहेर थांबतात ती पाटोडी रॅव्हिओली – म्हणजे आपली बेसनाची पाटोडीच, फक्त पोटात चीज आणि भोवती काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा. सुरुवातीचे दिवस आठवले की अजून हसू येतं. आजूबाजूला सगळे दवाखाने. पेशंटचे नातेवाईक दारातून डोकावून विचारायचे, "साधा वरण-भात भेटन का?" आम्ही करून द्यायचो. एकदा पुण्याचं एक जोडपं सांबारवडी पुढ्यात घेऊन सांबाराची वाट बघत बसलं होतं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे त्यांना कोण सांगणार? शेवटी मीच सांगितलं, आणि तिघंही खूप हसलो.

त्याच जोडप्यानं मग रस्सा मागवला. बाईंनी पहिला घास घेतला, नाक पुसलं आणि विचारलं – ही कुणाच्या हातची चव?

"माझ्या आजीच्या," मी म्हणाले.

का म्हणाले? कुणी गळ्याला सुरी लावली होती? त्यांना ते ऐकायला आवडेल असं वाटलं, बस. आवडलंही. मग दुसऱ्या टेबलावर सांगितलं, तिसऱ्या टेबलावर सांगितलं. मेनूकार्डावर 'आजीचा रस्सा' छापून आलं. भिंतीवर आजीचा नऊवारीतला फोटो लागला. लोक त्याच्याशेजारी उभे राहून सेल्फी काढतात.

माझ्या आजीनं जन्मात असला रस्सा केला नाही. तिच्या ओट्यावर लसूणसुद्धा चोरासारखा यायचा.

रस्सा सुशीलामावशींचा. जुन्या वस्तीत, महाल भागात, आमच्या घरासमोर त्या राहायच्या. सख्ख्या मावशी नव्हेत, शेजारच्या. घरात हातमाग होता आणि दिवसभर त्याची खटखट चालायची. शाळेतून आले की मी दप्तरासकट त्यांच्या चुलीपाशी. त्या ज्वारीचं पीठ कोरडंच भाजायच्या, तांबूस होईपर्यंत, आणि रश्श्यात सोडायच्या. तो वास आला की मला दम निघत नसे. पाटोडी, रस्सा, भाकरी – डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खायचं. त्या दुपारींसारखं सुख मला पुन्हा कुठे मिळालं नाही, अगदी खरं सांगते.

आजी त्यांच्या घरचं पाणीही घेत नसे. ते विणकर, आम्ही भोसल्यांच्या वेळचे कारकून – केवढा तो तोरा! मी तिथे जेवते हे कळलं असतं तर माझी खैर नव्हती. मावशींनाही ते ठाऊक होतं. म्हणून त्या माझे हात साबणानं घासायच्या, चूळ भरायला लावायच्या आणि तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवायच्या. "घे वं, सोफ चाव. आजीले वास नाही आला पाहिजे." दुसऱ्याच्या पोरीला जेवू घालून वर ते लपवताना काय वाटत असेल त्यांना? तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. मी सोफ चघळत रस्ता ओलांडायचे.

मागच्या हिवाळ्यात त्या माझ्याकडे जेवायला आल्या. नातीचा पहिला पगार झाला होता, ती आजीला घेऊन आली होती. "मिनू ना वं तू?" मावशींनी लगेच ओळखलं. मी त्यांना चांगलं टेबल दिलं, पण पाया पडले नाही – गिऱ्हाइकं बघत होती. बाजूच्याच टेबलावर आमची नेहमीची मंडळी त्यांच्या पाहुण्यांना माझ्या आजीची गोष्ट रंगवून सांगत होती.

नातीनं रस्सा चाखला. "आजी, तुह्या रश्श्यासारखाच लागून राहिला वं!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, ही कुणाची रेसिपी आहे?"

बाजूचं टेबल माझ्याकडे बघत होतं. मावशीही बघत होत्या. एक शब्द तर म्हणायचा होता – यांची. नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं.

"माझ्या आजीची," मी म्हणाले. त्यांच्या तोंडावर.

मावशींनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग नातीला म्हणाल्या, "हो वं. हिच्या आजीच्या हाताले लय चव होती."

ज्या बाईनं त्यांना कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, तिच्या हाताला चव होती म्हणाल्या. माझ्यासाठी.

बिलाबरोबर बडीशेपेची वाटी गेली. निघताना मावशी गल्ल्यापाशी थांबल्या, माझा हात धरला, मूठ उघडली आणि तळहातावर चिमूटभर सोफ ठेवली. "चाव," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नव्हत्या. नात दार उघडून उभी होती, तिचा हात धरून त्या पायऱ्या उतरल्या.

मेनूकार्ड मी बदललं नाही. फोटोही तिथेच आहे. मावशी पुन्हा आल्या नाहीत, आणि मीही गेले नाही. धंतोलीहून महाल किती लांब आहे हो?

काल एका टेबलावरून पुन्हा तोच प्रश्न आला. मी हसून रोजचंच उत्तर दिलं. मग गल्ल्यापाशी येऊन वाटीतली चिमूटभर सोफ तोंडात टाकली, आणि चांगली चावली.