विहिरीला पहिला दगड

आर्डिथ माझ्या वर्गातली. म्हणजे आता आम्ही दोघंही ऐंशीला टेकलोय. अमेरिकेतल्या डाकोटाच्या या आमच्या भागात तिच्या पणजोबांचं, हाल्वोरचं, नाव निघालं की लोक अजून टोपी काढतात. नॉर्वेहून आला तेव्हा इथं ना झाड होतं ना शेजार. गवताळ मातीची ढेकळं रचून त्यानं घर बांधलं आणि पहिला नांगर घातला. चौकात त्याच्या नावाची पाटी आहे. आम्ही बाकीचे मागून आलेले, आणि हे ऐकवायची एकही संधी त्याच्या घरची मंडळी सोडत नसत.

पण आर्डिथला हाल्वोरचं काही पडलेलं नव्हतं. तिला हवी होती त्याची पहिली बायको, इंगेबोर्ग.

घरात सांगत ते असं, की इंगेबोर्गला इथला वारा सोसला नाही, माहेरची ओढ लागली, आणि एका वसंतात चार वर्षांची पोर टाकून ती नॉर्वेला निघून गेली. ती पोर म्हणजे आर्डिथची आजी, सिग्रिड. आर्डिथला तिनंच वाढवलं. म्हातारी मरेपर्यंत विचारायची, "माझ्यात काय खोट होती गं, म्हणून आईला मी नकोशी झाले?" शेवटच्या दुखण्यात आर्डिथनं तिला शब्द दिला, "आजी, ती कुठे गेली ते मी शोधून काढते."

झालं! सगळा जन्म त्यात गेला. शाळेत शिकवून पोट भरलं आणि सुट्ट्या इंगेबोर्गला वाहिल्या. जहाजांच्या याद्या वाचल्या, कबरस्तानं पालथी घातली, शेवटी नॉर्वे गाठलं. इंगेबोर्गच्या माहेरगावचा पाद्री म्हणाला, "बाई, इथून ती गेली खरी. परत कुणी आलं नाही." मी एकदा म्हटलं, "सोड आता हा नाद. मेलेली माणसं काही वाट बघत नसतात." तर फणकारून म्हणाली, "तुझी नसतील बघत!"

त्या घराण्याची एक रीत होती. आमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठून फुगते आणि दरवर्षी नवे दगड वर ढकलते. नांगरटीआधी ते वेचायचे, आणि घरातल्या प्रत्येकानं आपला पहिला दगड जुन्या विहिरीत टाकायचा. हाल्वोरनं घालून दिलेली रीत. विहीर लवकरच आटली म्हणून त्यानं दुसरी खणली, पण जिनं पहिलं पाणी पाजलं तिचा हा मान, असं तो सांगे. थोरली लेक म्हणून पहिला दगड सिग्रिडचा. मग टाळ्या, कॉफी आणि लोणी-साखर लावलेल्या बटाट्याच्या पोळ्या. लहानपणी मला त्यांचा हेवा वाटायचा. आमच्या घरी कसली रीत न् काय!

गेल्या वर्षी तिचा भाचा डेल्मर यानं ती जमीन विकायला काढली. घेणाऱ्यानं अट घातली, जुनी विहीर उपसून नीट बंद करून द्या. आमच्या गावात विहिरी बुजवायचं काम माझं. आर्डिथ काठावर खुर्ची टाकून बसली. यंत्र दगड वर काढत होतं आणि डेल्मरची टकळी चालू होती, "मावशी, म्हाताऱ्याचा मान बघ किती जड आहे! वेन्डेलकाकांचं यंत्र मोडणार."

बरंच खाली गेल्यावर पाणी लागलं. चांगलं स्वच्छ पाणी.

"आटली होती ना रे?" आर्डिथ म्हणाली.

मी पाणी उपसलं आणि शिडीनं उतरलो. तळाशी वेचलेले दगड नव्हतेच, उचलवणार नाहीत, पहारीनं लोटावे लागतील असे धोंडे होते. ते यंत्रानं वर घेतले, तर खाली हाडं, बुटाचा तळवा आणि चांदीचा ब्रोच.

ब्रोच मुठीत घेऊन वर आलो आणि म्हटलं, "आर्डिथ, तू गाडीत जाऊन बस."

"का?"

"बस म्हटलं ना!"

तिनं जन्मात कुणाचं ऐकलं नाही. माझी मूठ तिनं उघडली. इंगेबोर्गचा एकच फोटो त्यांच्या घरी होता, लग्नातला. त्यात गळ्याशी हाच ब्रोच.

पाय घसरला, उडी मारली की ढकललं, देव जाणे. सरकारी डॉक्टरलाही सांगता आलं नाही. पण ते धोंडे आपल्या पायांनी चालत गेले नव्हते. हाल्वोरला माहीत होतं. माहीत असून त्यानं आईवेड्या पोरीच्या हातात दगड दिला आणि वर टाळ्या वाजवल्या! त्या पाटीवर जाऊन थुंकावंसं वाटलं मला.

आर्डिथ बराच वेळ उपसलेल्या ढिगाकडे बघत होती.

"दारातून हाक ऐकू जाईल एवढ्यावर होती रे ती," ती म्हणाली.

डेल्मर पुटपुटला, "मावशी, आपल्याला काय माहीत होतं?"

"आजी माझा हात धरून शिकवायची. म्हणायची, मधोमध टाक, म्हणजे आवाज छान येतो." आणि मग ती जी रडायला लागली, ती आम्हा दोघांना आवरेना.

इंगेबोर्गला आम्ही सिग्रिडच्या शेजारी पुरलं. गावानं वर्गणी काढून कोरीव शिळा द्यायचं ठरवलं, तर आर्डिथ त्यांच्या अंगावर धावून गेली. "दगड नको! तिच्या अंगावर आता एकही दगड नको!"

तिथे लाकडी क्रूस आहे. मीच करून दिला.